मणक्याच्या रोगाची नोंद



प्रत्येक शाळेच्या कपाटांत एक जाड बांधणीचें पुस्तक असतें. त्यास आम्ही शिक्षक जनरल रजिस्टर म्हणतों. मुलाचें नांव, जन्मतारीख, जन्मगांव हीं त्यांत एकदां लिहिलीं गेलीं कीं पुढें तो मनुष्य नोकरीस लागो, परदेशीं जावो कीं पेन्शन घेवो, त्या एका ओळीवांचून त्याचें पाऊल पुढें पडत नाहीं. असल्या ओळी लिहिण्यांत ज्याची उमर गेली अशा मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसानें आज मणक्याच्या रोगावर बोलावयास बसावें, हें आपणांस कांहींसें चमत्कारिक वाटेल. परंतु औषधाविषयीं मला कांहीं सांगावयाचें नाहीं; तो अधिकार डॉक्टरांचा. मला सांगावयाचें आहे तें या रोगाच्या नोंदीविषयीं. आणि नोंद कशी असावी व कशी असूं नये याचा थोडाबहुत अनुभव माझ्यापाशीं आहे.

मी पंचवटींत राहतों. सेवानिवृत्त झाल्यापासून सकाळचे दोन तास माझ्या ओट्यावर कागद वाचून घेणारांची वर्दळ असते. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, निफाड या बाजूंची मंडळी दवाखान्यासाठीं नाशकास येतात आणि जातांना इंग्रजी कागदांची चळत घेऊन जातात. "गुरुजी, यांत काय लिहिलें आहे तेवढें सांगा," असें म्हणून ती चळत माझ्यापुढें ठेवितात. त्या वाचनांतून एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. हृदयविकाराचा कागद असला तर रोगाचें नांव स्वच्छ लिहिलेलें सांपडतें. मधुमेहाचा असला तरी सांपडतें. परंतु पाठीच्या कण्यास जंतूंची बाधा झालेल्या रोग्याचा कागद हातीं आला कीं पुष्कळदां नांवाच्या जागीं धुकें असतें. कोठें 'पाठदुखी', कोठें 'मणक्याचा आजार', कोठें नुसतें 'इन्फेक्शन'. हें धुकें कां पडतें आणि त्यामुळें कोणाचें काय जातें, हा आजचा विषय आहे.

आपल्या कण्यांत एकंदर ३३ मणके असतात : मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, आणि त्याखालीं माकडहाडापर्यंत एकमेकांस जुळून गेलेले ९. वरच्या मणक्यांच्या मधून मधून गाद्या असतात, आणि त्यांच्या पोकळींतून मज्जारज्जु खालीं उतरतो. शरीरांत दुसरीकडे कोठें तरी शिरलेला जंतु रक्तावाटें या मणक्यांत येऊन घर करूं शकतो. आपल्या देशांत असल्या पाहुण्यांत अग्रमान क्षयाच्या जंतूचा. क्षयाच्या शंभर रोग्यांत सुमारें एका-दोघांचा क्षय कण्यांत असतो, आणि हाडांच्या क्षयापैकीं जवळजवळ निम्मा कण्यांतच आढळतो. त्यांतहि छातीचे खालचे व कमरेचे वरचे मणके त्याच्या विशेष आवडीचे. हा रोग सावकाश चालतो. पाठ दुखते, रात्रीं अधिक दुखते. संध्याकाळीं कणकण येते. वजन उतरूं लागतें. द्राक्षबागेंत दिवसभर हात वर करून काम करणाऱ्या बाईची पाठ दुखली तर त्यांत नवल तें काय, असें घरचे म्हणतात. आणि बहुतेक वेळां त्यांत नवल नसतेंच. पण जेथें तें असतें तेथें मणक्याचा पुढचा भाग झिजत जातो, कणा पुढें झुकतो, कुबड दिसूं लागतें. पू साचतो आणि स्नायूंच्या वाटेनें कधीं कधीं थेट जांघेपर्यंत उतरतो. त्या गळवाला हात लावला तर तें गरमहि लागत नाहीं. शेवटीं मज्जारज्जूवर दाब पडून पाय लुळे पडतात.

लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७९ सालीं वांकलेला कणा आणि लुळे पाय यांची सांगड घालून दाखविली. परंतु मूळ कारण त्यांस ठाऊक नव्हतें. पुढें रॉबर्ट कॉक यांनीं बर्लिन येथें २४ मार्च १८८२ रोजीं क्षयाचा जंतु जाहीर केला, तेव्हां तें उमगण्याची वाट मोकळी झाली. म्हणून इंग्रजींत हा पॉटचा रोग. आपल्याकडे मात्र रोग्यासमोर 'टी. बी.' हा शब्द उच्चारावयाचा नसला कीं 'कॉक्स' म्हणण्याची चाल आहे. एका थोर शास्त्रज्ञाचें नांव दारावरच्या पडद्यासारखें वापरण्याची ही रीत मला मोठी गमतीची वाटते. तरी जाणकाराला 'कॉक्स' लिहिलेलें समजतें, 'पॉट' लिहिलेलेंहि समजतें. ज्या पडद्यांतून कांहींच दिसत नाहीं तो पडदा 'इन्फेक्शन' या शब्दाचा.

रोगाचें नांव नीट लिहिलें नाहीं म्हणजे काय होतें, याचा धडा आपल्या देशानें पूर्वी एकदां घेतलेला आहे. इंग्रजी अमदानींत गांवोगांवचे मृत्यु गांवकामगारांच्या वहींत नोंदले जात. त्या वहींत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण असे थोडके रकाने. जें ओळखूं येईना त्यांतलें बहुतेक 'तापा'च्या रकान्यांत जाई, आणि म्हणून त्या काळच्या अहवालांत ताप हाच सर्वांत मोठा मारेकरी दिसतो. त्यांत हिंवताप किती, विषमज्वर किती आणि क्षय किती, हें आतां ब्रह्मदेवासहि सांगतां यावयाचें नाहीं. साऱ्या जगांत रोगांचीं नांवें एकाच रीतीनें मोजलीं जावीं म्हणून पॅरिस शहराच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख झाक बर्तियों यांनीं १८९३ सालीं मृत्यूच्या कारणांची एक आंतरराष्ट्रीय यादी मांडली. ती वेळोवेळीं सुधारीत गेली. १९४८ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेनें ती आपल्या हातीं घेतली, आणि मृत्यूंबरोबर जिवंत माणसांच्या आजारांनाहि तींत जागा मिळाली. दहावी आवृत्ति १९९० सालीं संमत झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली आहे. तथापि मी पुढें जे आंकडे सांगणार आहें ते दहाव्या आवृत्तीचे आहेत, कारण रुग्णालयांच्या दप्तरांत तेच अधिक रुळलेले आहेत.

या यादींत प्रत्येक रोगाला एक अक्षर आणि कांहीं आंकडे मिळून एक संकेतांक दिलेला असतो. कण्याच्या क्षयाला मात्र दोन आहेत. पहिला ए १८.०, म्हणजे हाडें व सांधे यांचा क्षय. त्याच्याजवळ कट्यारीची खूण छापलेली असते. दुसरा एम ४९.०, म्हणजे कण्याचा क्षय. त्याच्याजवळ तारकेची खूण. कट्यार रोगाचें मूळ सांगते, तारका तो शरीरांत कोठें प्रकट झाला तें सांगते. नियम असा कीं तारकेचा संकेतांक एकटा लिहावयाचा नाहीं. शब्दावांचून विभक्तीचा प्रत्यय जसा उभा राहत नाहीं, तसाच हा कट्यारीवांचून उभा राहत नाहीं. कण्याला बाधा क्षयाची नसून पू करणाऱ्या दुसऱ्या जंतूची असेल तर घर निराळें : हाडांत असेल तर एम ४६.२, गादींत असेल तर एम ४६.३, आणि शेजारीं जंतूचा स्वतंत्र आंकडा. उदाहरणार्थ, नेहमीं आढळणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचा बी ९५.६. गुरांपासून व कच्च्या दुधांतून येणाऱ्या ब्रुसेला जंतूनें कणा धरला तर तारकेचा एम ४९.१ आणि त्याच्या आधीं कट्यारीचा ए २३. मणक्यांच्या पोकळींत पू साचला असेल तर जी ०६.१. शिवाय कण्याचा भाग सांगणारा एक आंकडा शेवटीं जोडतां येतो : मानेसाठीं २, छातीसाठीं ४, कमरेसाठीं ६. आणि ९ म्हणजे 'भाग सांगितलेला नाहीं'.

हें वर्गीकरण ज्यानें रचलें त्याच्या बुद्धीचें मला कौतुक वाटतें. परंतु हे आंकडे घालणारा मनुष्य डॉक्टर नसतो. तो रुग्णालयाच्या नोंदखात्यांत बसलेला असतो, आणि त्याच्यावर एक कडक बंधन असतें. डॉक्टरांनीं जें निदान लिहिलें नाहीं तें त्यानें आपल्या तर्कानें लिहावयाचें नाहीं. एम. आर. आय.च्या रिपोर्टांत क्षयाचा संशय दिसत असो, औषधांच्या यादींत क्षयाचीं चारहि औषधें असोत. कार्डावर 'पाठदुखी' असेल तर त्यानें पाठदुखीचाच आंकडा घालावयाचा. कमरदुखीचा आंकडा एम ५४.५. त्या घरांत एकदां गेलेला क्षयरोगी क्षयाच्या मोजणींतून नाहींसा होतो. जुन्या वहींतल्या तापाच्या रकान्यांत गेल्यासारखाच.

तर मग डॉक्टर नांव कां लिहीत नाहींत? कांहींचा आळस असेल, कांहींची घाई. आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेंत पानेंच्या पानें सुवाच्य लिहून उत्तीर्ण झालेले गृहस्थ रोग्याच्या कार्डावर दीड ओळ खरडून मोकळे होतात, हें मी पाहतों. परंतु या रोगाच्या बाबतींत मोठें कारण आपण आहों. रोग्याचे आप्तच डॉक्टरांना विनवितात कीं तें नांव लिहूं नका.

माझ्या हाताखालीं शिकलेली निफाडकडची एक मुलगी. नाशकांतल्या एका रुग्णालयांत तिच्या मणक्यांतला नमुना सुईनें काढून तपासला, क्षय ठरला, औषध सुरू झालें. तिचें लग्न ठरलेलें होतें. थोरल्या भावानें डॉक्टरांचे पाय धरले : "साहेब, कागदावर टी. बी. लिहूं नका, सोयरीक मोडेल." डॉक्टरांचें मन द्रवलें. त्यांनीं कार्डावर 'मणक्याचें इन्फेक्शन, औषध चालू' एवढेंच लिहिलें, आणि सरकारी दप्तरांत वर्दीहि दिली नाहीं. पांचव्या महिन्यांत लग्न होऊन मुलगी चाळीसगांवाकडे सासरीं गेली. बरोबरच्या गोळ्या संपल्या. तेथील डॉक्टरांनीं कार्ड पाहिलें. पू करणाऱ्या साध्या जंतूंचें मणक्याचें दुखणें साधारणपणें सहा आठवडे ते तीन महिने औषध दिल्यानें आटोक्यांत येतें. येथें तर पांच महिने झाले होते. तेव्हां ते म्हणाले, आतां पुरे. कार्डावर जें लिहिलें होतें त्यावरून त्यांचें म्हणणें अगदीं यथायोग्य होतें! मणक्याच्या क्षयाला मात्र १२ महिने औषध लागतें, आणि रोग्याची प्रगति पाहून तें १८ किंवा २४ महिन्यांपर्यंतहि वाढवावें लागतें. पुढल्या पावसाळ्यांत तिचे पाय जड झाले. मग उंबरठा ओलांडवेना. नाशकास परत आणून शस्त्रक्रिया केली, औषध पहिल्यापासून धरलें. आज ती काठी घेऊन चालते. तिचा नवरा माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "गुरुजी, मला सांगितलें असतें तर गोळ्या मीच आणून दिल्या असत्या." भाऊ तेथेंच खालीं मान घालून बसला होता.

ज्या भीतीपोटीं हें झालें ती भीतीहि पोकळ होती. फुफ्फुसांत क्षय नसून नुसता कण्यांत असेल, तर जवळ बसल्यानें, एका ताटांत जेवल्यानें तो दुसऱ्यास लागत नाहीं. फुफ्फुसें स्वच्छ आहेत कीं नाहींत हें डॉक्टर तपासून सांगतात. तें मात्र अवश्य विचारून घ्यावें.

याच्या उलट बाजूचा दोषहि सांगितला पाहिजे, नाहींतर मी एकांगी बोललों असें होईल. कण्यांत बाधा दिसली कीं तपासणी न करतां 'क्षय' लिहून वर्षभराच्या गोळ्या देणारेहि आहेत. आपल्याकडे क्षय पुष्कळ, म्हणून हा अंदाज बहुधा खरा ठरतो. परंतु जेथें खरा ठरत नाहीं तेथें रोग्याचे हाल होतात. ब्रुसेलाच्या रोग्याची गोष्ट विशेष फसवी. रिफाम्पिसिन हें औषध क्षयांतहि देतात आणि ब्रुसेलावरहि. त्यामुळें चुकलेल्या निदानाखालींहि रोगी अर्धामुर्धा सुधारतो आणि सर्वांना वाटतें कीं आपण बरोबर वाटेवर आहों. घरीं गुरें आहेत, कच्चें दूध पितात, ही साधी गोष्ट रोग्यानें सांगावी आणि डॉक्टरांनीं लिहून ठेवावी. रोग्याची प्रकृति थांबण्याजोगी असेल तर औषध देण्यापूर्वीं नमुना घ्यावा, असेंच जाणकारांचें मत आहे. कारण औषध पोटांत गेल्यावर नमुन्यांत जंतु सांपडणें अवघड होतें. म्हणूनच नुसतें रोगाचें नांव पुरे नाहीं. तें कशावरून ठरलें हेंहि हवें. नमुन्यांत जंतु सांपडला, कीं चित्र पाहून व लक्षणांवरून डॉक्टरांनीं ठरविलें? दोन्ही मार्ग शास्त्रसंमत आहेत, परंतु औषधाला गुण येईना असें झालें म्हणजे पुढच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच पडतो.

आतां पैशाचा प्रश्न. मे २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रोग्याची वर्दी सरकारास देणें खासगी डॉक्टरांवरहि बंधनकारक आहे. त्याच वर्षीं या कामासाठीं 'निक्षय' नांवाचें केंद्रीय दप्तर सुरू झालें. तेथें नोंद झाली म्हणजे रोग्यास एक क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक दाखविला कीं नाशकांत सुरू केलेलें औषध चाळीसगांवींहि पुढें चालूं शकतें. पोषणासाठीं एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये रोग्याच्या बँकेंत जमा होऊं लागले; नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. औषध चालेल तितके महिने ते मिळतात. कण्याच्या रोग्याचें औषध सर्वांत लांब चालणारांपैकीं, म्हणून नोंद हुकली तर त्याचें नुकसानहि मोठें. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालीं शस्त्रक्रिया करावयाची असेल तर आधीं मंजुरी मागावी लागते. मंजुरी देणारा अधिकारी रोग्याला पाहत नाहीं, कागद पाहतो.

आणखी एका आंकड्याविषयीं बोललें पाहिजे, कारण तो मला फार आवडतो. तो बी ९०.२ : हाडें व सांधे यांच्या क्षयाचे मागें उरलेले परिणाम. रोग बरा होतो, जंतु मरतो, परंतु कुबड राहतें. अशा मनुष्याच्या कागदावर वीस वर्षांनींहि कोणी 'मणक्याचा क्षय' एवढेंच लिहिलें तर वाचणारा समजतो कीं रोग अजून जिवंत आहे. कोणी पुन्हां औषध सुरू करतो, कोणी नोकरी नाकारतो. 'क्षय होता, बरा झाला, वांक उरला' असें लिहिणें म्हणजे त्या मनुष्याला निरोग्यांच्या पंक्तींत त्याची जागा परत देणें होय.

तेव्हां रुग्णालयांतून घरीं जातांना डिस्चार्ज कार्ड हातीं आलें कीं तेथेंच उभें राहून तें वाचावें, वाचतां येत नसेल तर वाचून घ्यावें. कोणते मणके, हें त्यांत असावें. जंतु कोणता व कशावरून ठरला, हें असावें. नमुन्यावर औषधांची परीक्षा झाली असेल तर कोणतें औषध लागू पडतें व कोणतें पडत नाहीं, तें असावें. पायांत ताकद किती आहे तें त्या दिवशींचें लिहिलेलें असावें. दोन महिन्यांनीं पाय सुधारले कीं बिघडले हें मोजावयाचें तर पहिलें माप कोणापाशीं तरी हवें. रोग्याचें वजन असावें, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते. औषध सुरू केल्याची तारीख, आणि तें किती महिने द्यावयाचें आहे तो आंकडा. धातूचे स्क्रू व पट्टी बसविली असेल तर त्याचाहि उल्लेख हवा. डॉक्टरांना हें विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. "साहेब, एवढें नांव पुरें लिहून द्या," असें नम्रपणें म्हटलें तर बहुतेक डॉक्टर लिहून देतात. मी स्वतः अशा विनंतीच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सफळ झाल्या आहेत.

कार्ड हरवलें तरी हातपाय गाळावयाचें कारण नाहीं. वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणें रुग्णालयांत राहून उपचार घेतलेल्या रोग्याचे कागद डॉक्टरांनीं ३ वर्षें जपून ठेवावयाचे असतात, आणि रोग्यानें मागणी केल्यास ७२ तासांच्या आंत द्यावयाचे असतात. मागणी लेखी करावी, पोंच घ्यावी. परंतु हिशेब पाहा : दीड-दोन वर्षें औषध, त्यानंतर कांहीं वर्षें देखरेख. तीन वर्षांची मुदत उलटून जावयास वेळ लागत नाहीं. म्हणून मूळ कागद व चित्रें आपल्याच घरीं, पावसाळ्यांत ओल लागणार नाहीं अशा जागीं, सपाट ठेवावीं. चित्रांची गुंडाळी करूं नये.

शेवटीं एक अप्रिय गोष्ट. या रोगानें मनुष्य दगावलाच, तर मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टर देतात. जन्म-मृत्यु नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यांत त्याची तरतूद आहे. रुग्णालयांतल्या मृत्यूसाठीं नमुना ४ व घरच्या मृत्यूसाठीं नमुना ४ अ. त्यांत एकाखालीं एक ओळी असतात. वरच्या ओळींत तात्कालिक कारण, तिच्या खालीं तें ज्यामुळें झालें तें, आणि सर्वांत खालीं मूळ रोग. पाय लुळे पडून अंथरुणास खिळलेल्या रोग्याच्या पाठीस व्रण होतात, त्यांतील जंतु रक्तांत पसरतात आणि मृत्यु येतो. अशा वेळीं वरच्या ओळींत रक्तांतील जंतुदोष, मधल्या ओळींत लुळेपणा व शय्याव्रण, आणि खालच्या ओळींत कण्याचा क्षय असें लिहिलें पाहिजे. 'हृदयक्रिया बंद पडली' हें कारण नव्हे. हृदयक्रिया सर्वांचीच बंद पडते. २०२३ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाल्यापासून या दाखल्याची एक प्रत मृताच्या जवळच्या आप्तास द्यावयाची असते. ती हातीं आली म्हणजे वरची ओळ वाचून घडी घालूं नये. खालची ओळ पाहावी, आणि ती कोरी असेल तर सही करणाऱ्या डॉक्टरांस त्याच दिवशीं भेटावें.